शिंदीला लावलेला कान

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार निंबोळी सरांचे आहेत. हे वाचून आईबाप रागावणार नाहीत, त्यांनाही ते मान्य आहे. सरांचं खरं नाव शाळेच्या जुन्या हजेरीपुस्तकात असेल, पण आमच्या भागात ते कोणी घेत नाही. त्यांच्या सदऱ्याला, पिशवीला, वहीला, अगदी हातातल्या खडूलाही निंबोळीच्या पेंडीचा वास यायचा, म्हणून ते निंबोळी सर. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. आज एका कृषी विद्यालयात पोरांना कीटकशास्त्र शिकवतो, ते सरांमुळे. आणि सरांशी मी जे वागलो ते मात्र कोणामुळेही नाही, ते माझं मी केलं. हे लिहिताना मी शांत नाही. थोडं शांत होऊन लिहा, असं मला दोघातिघांनी सुचवलं. शांत झालो तर मी हे लिहिणारच नाही, एवढं मला माझ्याबद्दल ठाऊक आहे.

शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. शाळेच्या मागे नाला आणि नाल्याच्या काठाने शिंदीची नऊ झाडं. ती कोणी लावली नव्हती. आमच्याकडे शिंदी लावत नाहीत, ती येते. ओल धरून उभी राहते आणि कोणाकडे काही मागत नाही. गाव तिच्याकडे दोनदाच बघतं, झाडू लागला की आणि जागा लागली की. माझी आई शिंदीच्या पानांचे फडे बांधायची, म्हणजे अंगण झाडायचे झाडू. शाळा भरायच्या आधी मी पानं कापायला नाल्यावर जायचो. तिथे एका सकाळी हा माणूस दिसला. पांढरा सदरा, चष्मा खिशात, दोन्ही हातांनी खोडाला मिठी आणि डोळे मिटून कान झाडाला चिकटवलेला. मला हसू आलं.

"हसू नोको बे," डोळे न उघडता ते म्हणाले. "तो जेवून राह्यला."

"कोण, सर?"

"आतमधी हाय तो. इळा ठेव खाली. इकडे ये. कान लाव."

मी कान लावला. शिंदीचं खोड म्हणजे तुटलेल्या पानांच्या खुंट्यांची भिंतच असते. गाल खरचटला. आधी काहीच नाही. मग आतून, फार खोलातून, काहीतरी.

"काय आयकू आलं?"

"कुरकुर, सर."

सर भडकले. "कुरकुर तुही आजी करते सुनेवर. हे काय करून राह्यलं ते सांग. कशासारखं हाय?"

"उंदरासारखं?"

"उंदीर पाह्यला का कधी जेवताना? न पाह्यलेलं सांगू नोको. जाय, पानं काप. उद्या परत ये."

मी दुसऱ्या दिवशी गेलो आणि दहावी होईपर्यंत जात राहिलो. पण 'कशासारखं' या प्रश्नाला त्यांना पटेल असं उत्तर मला एकदाही देता आलं नाही. माझ्याच वर्गातल्या एका पोरीने एकदा सांगितलं, "वाळले पोहे दाढेखाली आल्यावानी, सर." सरांचा चेहरा उजळला. "बोटाएवढा हाय मंग. शाब्बास." छिद्रात लोखंडी आकडा घालून ओढली, तर अळी खरंच बोटाएवढी निघाली. आवाज कसा ते नीट सांगितलं, की ते न बघता अळीचा आकार सांगत. मला ती जादू वाटायची. पुढे कॉलेजात कळलं, की हा सोंड्या भुंगा. मादी खोडाच्या जखमेत अंडी घालते, अळ्या आतला गर खात जातात, आणि झाड बाहेरून हिरवं दिसत असतानाच आतून पोकळ होतं. पान सुकलेलं दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. त्याआधी फक्त ऐकू येतं.

"आधी कान, मंग हात." हे त्यांचं एकमेव सूत्र. ते फळ्यावर लिहायचे नाहीत, पण प्रत्येक प्रॅक्टिकलला म्हणायचे. आजाऱ्याची नाडी न पाहता औषध देणाऱ्याला आपण डॉक्टर म्हणत नाही, मग झाडाच्या बाबतीत काऊन म्हणता, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं औषध सगळं झाडपाल्याचं. उन्हाळ्याच्या शेवटी पडलेल्या निंबोळ्या पोरांकडून वेचून घ्यायचे, सावलीत वाळवायचे, कुटून रात्रभर भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून त्यात साबणाचं पाणी. हे शेंड्यात आणि पानांच्या बेचक्यांत. गेंड्या भुंगा कोवळा शेंडा पोखरतो, त्याच्यासाठी बेचक्यांत वाळू आणि निंबोळीची पेंड. खोडात अळी असली तर आधी लोखंडी आकडा घालून निघेल तेवढी काढायची, मग छिद्रात सीताफळाच्या बियांचा काढा पिचकारीने सोडायचा आणि वरून नाल्यातल्या चिकणमातीचा बोळा. शिंदीची जखम भरून येत नाही, पण आत सुकून कडक होते.

सीताफळाच्या बियांसाठी हा माणूस काय करायचा ते लोणारच्या बस स्टँडवर जुने लोक अजून सांगतात. दिवाळीच्या आसपास बायका टोपल्यात सीताफळं घेऊन बसतात. लोक घेतात, तिथेच खातात, बिया थुंकतात. आमचे सर, हायस्कूलचे विज्ञान शिक्षक, वाकून त्या बिया वेचायचे. बाकावर बसलेला एक जण म्हणाला, "काय हो गुरजी, पगार पुरत नाही का?" सरांनी त्याच्या पायाजवळची बी उचलली आणि म्हणाले, "पगार पुरते. थुकणारेच कमी पडून राह्यले. घ्या अजून एक सीताफळ." आणि स्वतः एक फळ घेऊन त्याच्या हातात दिलं. तो खाईपर्यंत समोर उभे.

त्या बिया मी नववीत असताना कुटत होतो. घाम आला, हात डोळ्याकडे गेला. पुढचं मला आवाजानेच आठवतं, कारण दिसत काही नव्हतं. सरांनी मला मानगुटीला धरून हौदावर नेलं आणि किती वेळ कोण जाणे, डोळ्यात पाणी ओतत राहिले. ओतताना शिव्या. "किती डाव सांगतलं? हातपाय धू म्हून सांगतलं. झाडापासून निंगालं म्हून गरीब समजतं का तू याले? साप बी गवतातूनच निंगते! जहर हाय हे. जहरच देऊन राह्यलो आपण, फक्त मोजून." डोळा वाचला. त्या दिवसापासून 'हर्बल आहे, काही होत नाही' असं बाटलीवर छापणाऱ्यांचा मला जो राग येतो तो सरांचा आहे, मी फक्त तो पुढे चालवतो.

आता शिक्षक खोलीबद्दल. सरांना त्यांच्या सहकाऱ्यांनी आत डबा खाऊ दिला नाही. "पेंडीचा वास येतो हो, जेवण जात नाही," असं हसत हसत सांगितलं आणि व्हरांड्यात बाक टाकून दिला. सर त्या बाकावर जेवले, निवृत्त होईपर्यंत. निमित्त वासाचं होतं. त्याच खोलीत एका मास्तरांच्या तंबाखूच्या पिंका खिडकीवर वाळलेल्या असायच्या, त्यांचा वास कोणाला आला नाही. खरं कारण काय ते आमच्या वस्तीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सर मात्र त्यावर कधी बोलले नाहीत. एकदा मीच रागाने विचारलं, तर म्हणाले, "मले बाहेर बरं. इथून शिंदी दिसते." मला तेव्हा ते उत्तर मोठेपणाचं वाटलं. आज त्याचाही राग येतो. बोलायला पाहिजे होतं, सर.

बारावीनंतर माझा फॉर्म त्यांनी भरला. माझे वडील सालगडी होते, त्यांना ऑफिस म्हटलं की पायातल्या चपला बाहेर काढायची सवय. सरच माझ्यासोबत एसटीने आले, रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "हे वडील का?" सर म्हणाले, "नाही. वडिलाले वावरात काम हाय. मी कागदपत्र हाओ." पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी त्यांना माझा प्रोजेक्ट दाखवला. मी लिहिलं होतं, 'सदर वृक्षावर किडीचा तीव्र प्रादुर्भाव आढळून आला.' सरांनी लाल पेनने ओळ खोडली. "आढळून आला म्हंजे कोणाले? तू पाह्यला का? आयकला का? 'मी कान लावला, मले आयकू आलं,' असं लिह्य. नाहीतं लिहूच नोको."

ती ओळ मी पुढे पुन्हा लिहिली. शब्दनशब्द तीच. तेच सांगायला बसलो आहे.

सर निवृत्त झाले आणि दुसरबीडला मुलीकडे राहायला गेले. तिथूनही आठवड्याला एसटीने शाळेच्या नाल्यावर यायचे, काढ्याची कॅन आणि आकडा घेऊन. मग त्यांचे कान जायला लागले. आधी डावा, मग उजवा. मुलीने मशीन आणून दिली. सरांनी ती लावून शिंदीला कान लावला आणि काढून खिशात टाकली. "याच्यात फक्त माणसंच आयकू येतात," म्हणाले. तरी ते येत राहिले. ऐकू येत नव्हतं म्हणून जुन्या खुणांवर काम करायचे. जिथे पूर्वी छिद्र होतं तिथे मातीचा बोळा नवा करायचे, बेचक्यांत पेंड भरायचे. शाळा चालवणाऱ्या संस्थेतले लोक बाहेरून बघून हसायचे. "बहिरा माणूस झाडं आयकून राह्यला!" हे वाक्य मी स्वतः संस्थेच्या सचिवांच्या तोंडून ऐकलं. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. मी तिथे होतो आणि मीही ओठ ताणले. हसलो म्हणता येणार नाही. पण ओठ ताणले.

मागच्या पावसाळ्यानंतर मला सरांचं पोस्टकार्ड आलं. मोबाईल त्यांनी कधी घेतला नाही आणि आता घेऊन उपयोग नव्हता. कार्डावर चार ओळी. 'संस्थेले नव्या इमारतीसाठी नाल्याची जागा पाहिजे. शिंदी किडकी आहे म्हणून तोडायची परवानगी मागणार. मले वाटते माझ्या औषधानं झाडं बरी झाली, पण मले आता ऐकू येत नाही. तू जाय, नवाच्या नवाले कान लाव, अन् जे ऐकशील ते लिहून दे. किडा असला तं किडा लिही.'

किडा असला तर किडा लिही. खोटं लिहून माझी झाडं वाचव, असं हा माणूस म्हणाला नाही. ऐकून ये, एवढंच. चाळीस वर्षांचं आपलं औषध खरं की खोटं, याचा निकाल त्यांनी माझ्या कानावर सोपवला होता.

त्याच आठवड्यात भाऊसाहेबांचा फोन आला. "सर, तुम्ही आपल्या शाळेचे विद्यार्थी. आज केवढ्या पदावर! सत्कार करायचा राह्यलाच तुमचा." मी गेलो. ज्या शाळेत माझ्या वडिलांना कधी कोणी खुर्ची दिली नव्हती तिथे मला मधली खुर्ची दिली. शाल दिली, नारळ दिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला भरून आलं. हे मी लपवत नाही, खरंच भरून आलं. मग चहा झाला आणि भाऊसाहेब म्हणाले, "एक लहानसं काम होतं. मागची झाडं पाहून घ्या. किडून गेले पार. पोराच्या अंगावर पडलं तं कोण जबाबदार? परवानगीच्या फायलीत तज्ज्ञाचा कागद लागते, अन् तज्ज्ञ तं घरचाच हाय."

आम्ही मागे गेलो. मी, भाऊसाहेब, मुख्याध्यापक आणि तीन-चार शिक्षक. माझ्या खांद्यावर शाल. नऊ झाडं समोर. खोडांवर छिद्रं होती, भुऱ्या तपकिरी खपल्या धरलेली. पोस्टकार्ड माझ्या खिशात होतं. मला आठवत होतं काय करायचं ते. शाल काढायची, झाडाला मिठी मारायची, गाल खोडाला लावायचा, डोळे मिटायचे. आणि मागे हे सगळे उभे. ज्या माणसाला ते हसायचे, तोच मी दिसलो असतो.

मला लाज वाटली.

एवढंच कारण आहे. दबाव नव्हता, धमकी नव्हती, लालूच नव्हती. मला लाज वाटली. मी दोन पावलांवर उभा राहून छिद्रांकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. कान लावला नाही. मागे ऑफिसात येऊन मी लिहिलं, 'सदर नऊ वृक्षांवर किडीचा तीव्र प्रादुर्भाव आढळून आला.' सही केली. शिक्का मारला. नारळ घेऊन मी शिंदीच्या मरणाचा कागद देऊन आलो.

तोड सुरू झाल्याचं मला शाळेच्या शिपाईकाकांनी फोनवर सांगितलं. ते सरांच्या वेळेपासूनचे. "चार पाडले, सर. पाच राह्यले, ते सोमवारी. तुमी या एकडाव. पाहून जा काय केलं ते."

मी गेलो. चार बुंधे नाल्याकडे आडवे पडलेले, करवतीने तुकडे केलेले. मी एकेका तुकड्याजवळ बसलो. आतला गर कोरा होता. पांढरा, ओला, घट्ट. जिथे जिथे बाहेर छिद्र होतं तिथे आत बोटभर जुनी नळी, तिच्यात चिकणमातीचा कडक बोळा, आणि बोळ्याच्या मागे सुकून कडक झालेली जुनी जखम. मी ज्यांना किडीची खूण समजलो त्या सरांच्या औषधाच्या खुणा होत्या. एकाही तुकड्यात जिवंत अळी नाही. पहिल्या वर्षाच्या पोरालाही मातीचा बोळा आणि अळीने बाहेर टाकलेला भुसा यातला फरक बोट लावून कळला असता. मी बोटही लावलं नव्हतं.

"सर आलते," शिपाईकाका म्हणाले.

"कधी?"

"तोडायच्या आदल्या दिवशी. कॅन घेऊन आलते नेहमीसारखे. म्या पाटीवर लिहून दाखोलं का उद्या झाडं तोडतात. त्याइनं विचारलं, कागद कोणं देला? म्या तुमचं नाव लिहिलं."

"मग?"

"म्हणे, त्यानं देला तं कान लावला असन त्यानं. असन किडा. मंग माहं औषधच खोटं निंगालं." शिपाईकाकांनी भिंतीकडे बघितलं. "कॅन नाल्यात उलटी केली. आकडा माह्याजोळ देला. म्हणे ठेव, आता कायले पाह्यजे मले. अन् गाडीनं गेले. थांबले असते तं दुसऱ्या दिवशी दिसलं असतं त्याइले बी."

तिथून मी थेट ऑफिसात गेलो. भाऊसाहेब होते. मी म्हणालो, अहवाल चुकीचा आहे, मी तो मागे घेतो, पाच झाडांना हात लावायचा नाही.

भाऊसाहेबांनी चहा मागवला. "बसा ना, सर. तापू नका. सही तुमचीच हाय ना?"

"माझीच."

"शिक्का?"

"माझाच."

"मंग? तज्ज्ञ तेव्हा खरा का आता खरा?"

"तेव्हा मी तज्ज्ञ नव्हतो, पाहुणा होतो," मी म्हणालो. "शाल घेतलेला पाहुणा. ही तुमची शाल." येताना पिशवीत आणलेली ती मी टेबलावर ठेवली. आतल्या खोलीतून दोन शिक्षक डोकावले. "आणि नारळ खाल्ला, तो परत करता येत नाही."

"लोक काय म्हणतीन तुमाले? काल किडकं, आज चांगलं?"

"म्हणू द्या. मी लिहून देतो, की मी न तपासता सही केली. परवानगी देणाऱ्यांना देतो, तुम्हाला देतो, माझ्या प्राचार्यांना देतो. नोकरीचं काय व्हायचं ते होईल."

"एका शिंदीसाठी?" भाऊसाहेबांना खरोखर नवल वाटलं होतं. ते चेष्टा करत नव्हते. त्याचाच मला जास्त राग आला.

तिन्ही कागद मी तिथेच बसून लिहिले, एक भाऊसाहेबांना देऊन पोच घेतली आणि दोन शिपाईकाकांकरवी रजिस्टर पोस्टाने पाठवले. मग नाल्यावर गेलो. मधली सुट्टी होती, पोरं कुंपणाला लटकलेली. मी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि पहिल्या झाडाला मिठी मारली. मागून हसण्याचा लोट आला. "अबे पाह्य, सर झाडाले पप्पी देऊन राह्यले!" मी डोळे मिटले. पाचही झाडं होईपर्यंत उघडले नाहीत म्हटलं तरी चालेल. माझ्या गालावर अजून शिंदीच्या खुंट्यांचे चौकोनी ठसे आहेत. सरांच्या गालावर ते कायम असायचे आणि आम्ही वर्गात त्यावर हसायचो.

त्या रात्री मी सरांना पत्र लिहिलं. सुलतानपूरच्या थांब्यावर सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिलं, तो सरांना ओळखतो. त्यांच्या मुलीच्या मोबाईलवर लिहून पाठवता आलं असतं, पण हे आधी दुसऱ्या कोणी वाचू नये असं मला वाटलं. पत्र असं.

आदरणीय सर,

सविनय जयभीम.

तुमचं औषध खोटं निघालेलं नाही. ही ओळ सर्वात आधी वाचा आणि मग पुढचं वाचा किंवा वाचू नका.

तुम्ही शिपाईकाकांना म्हणालात, त्याने कागद दिला तर कान लावला असेल. सर, मी कान लावला नव्हता. तुमचं कार्ड माझ्या खिशात होतं. माझ्या अंगावर त्यांची शाल होती आणि मागे ते सगळे उभे होते. झाडाला मिठी मारायची मला लाज वाटली. मी लांबून छिद्रं पाहिली आणि तुम्ही लाल पेनने खोडलेली ओळ पुन्हा लिहिली. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःवरचा विश्वास काढून घेतलात. याची मला जी शिक्षा द्यायची ती द्या. माफी मात्र लगेच देऊ नका. म्हणून मी समोर आलो नाही, पत्र पाठवतो आहे. समोर आलो की तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहून विसरून जाल.

तोडलेली चारही झाडं मी आतून पाहिली. गर कोरा आहे. तुमचे बोळे जागच्या जागी आहेत, काही बोळ्यांत तुमच्या अंगठ्याचा ठसा दिसतो. एकही अळी नाही. एक तुकडा कापडात गुंडाळून ठेवला आहे, तुम्ही बोटाने चाचपून बघा. ती चार झाडं बरी झालेली होती. ती किडीने मेली नाहीत, माझ्या सहीने मेली.

अहवाल मी लेखी मागे घेतला आहे. त्यात 'आढळून आले' असं कुठेही नाही. 'मी तपासलं नाही' असं लिहिलं आहे. तो कागद हातात पडल्यावर संस्थेने सोमवारची तोड सध्या थांबवली आहे. कायमची थांबेल की नाही ते सांगता येत नाही, पण आता मी तिथून हलत नाही.

आता उरलेल्या पाचांचं. सर, मी कान लावला. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून ऐकलेलं लिहितो.

नाल्याकडून पहिली चार झाडं स्वच्छ आहेत. वर वारा आला की खोडात खाली येतो, बाकी काही नाही. प्रत्येकाजवळ मी बराच वेळ थांबलो.

पाचव्यात आवाज आहे. किडा असला तर किडा लिही म्हणाला होतात, म्हणून लिहितो. हे भाऊसाहेबांना कळलं तर ते माझ्याच तोंडावर फेकतील, तरी लिहितो. माझ्या छातीच्या उंचीवर, उगवतीच्या बाजूने, तुमचा बोळा नाही अशा जागी. कुरकुर नाही. उंदीर नाही. आई फडा बांधताना शिंदीचं ओलं पान नखाने चिरते, थोडं चिरून थांबते, पान फिरवते आणि परत चिरते, तसं आहे. चिरणं लहान आहे, थांबणं लांब. मी माझा श्वास धरला तर एका श्वासात दोनदा आलं.

निंबोळी भिजत घातली आहे. सीताफळाच्या बिया कुटल्या, डोळ्याला हात लावला नाही. तुमचा आकडा शिपाईकाकांकडून घेतला आहे, पण तो झाडाला अजून लावलेला नाही. संध्याकाळच्या गाडीला कंडक्टर परत येतो, त्याच्याजवळ उत्तर द्या.

किती मोठा आहे तो, सर?